साक्षात्कार आणि संमती : मॉर्मन पंथातील बहुपत्नीत्व

मॉर्मन हे नाव आपल्याकडे ज्यांच्या कानावर आले आहे, त्यांच्या कानावर ते बहुधा एकाच कारणासाठी आलेले असते. एका पुरुषाला पुष्कळ बायका करण्याची मुभा देणारा अमेरिकेतील पंथ. आजच्या विषयाचे नाव ऐकून दोघातिघांनी मला हसत हसत विचारलेही, "मग किती करता येतात?" उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे मन मोकळे होईल. आज एकच. १८९० साली त्या पंथाने ही चाल बंद केल्याचे जाहीर केले, आणि आता कोणी दुसरी बायको केली तर त्याला पंथाबाहेर काढतात.

परंतु मला बोलायचे आहे ते बायकांच्या संख्येबद्दल नाही. ज्या माणसांनी ही चाल प्रथम स्वीकारली, ती चैनी किंवा रंगेल माणसे नव्हती. बहुतेक शेतकरी, सुतार, कुंभार. लहानपणापासून बायबलच्या कडक शिस्तीत वाढलेली. एका नवऱ्याला दोन बायका ही कल्पनाच त्यांना ओंगळ वाटत होती. तरी त्यांनी ती पत्करली, कारण ही देवाची आज्ञा आहे असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांना ते पटले. कसे पटले? ज्यांना पटले नाही, त्यांनी काय केले? श्रद्धा न सोडता नाही म्हणता येत होते काय?

मी धर्मशास्त्राचा पंडित नाही. सातवीनंतरचे माझे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्यामुळे कोणतीही हकीकत वाचताना मला एक खोड आहे. ठराव कोणी मांडला, कोणापुढे मांडला, आणि विरोधात हात वर करण्याची सोय होती की नाही, हे मी आधी पाहतो. देवाच्या ठरावालाही मी तोच प्रश्न विचारतो, याबद्दल भाविकांनी राग मानू नये. कारण गंमत अशी की, हा प्रश्न त्या पंथाने स्वतःच आपल्या घटनेत घालून ठेवला होता.

जोसेफ स्मिथचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी व्हर्माँट संस्थानात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क संस्थानातील पाल्मायरा गावी आले. १८३० साली त्याने 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्चची स्थापना केली. इतर ख्रिस्ती पंथ म्हणत, देव बोलला तो बायबलच्या काळात. आता ते पुस्तक वाचा आणि त्याप्रमाणे वागा. हा तरुण म्हणाला, देव आजही बोलतो आणि माझ्या तोंडून बोलतो. जमीन कोठे घ्यावी, छापखाना कोणी चालवावा, देऊळ कोठे बांधावे, अशा बाबतींतही त्याला प्रकटीकरण होत असे आणि ते लिहून ठेवले जाई. ज्यांच्या आयुष्यात कर्ज, स्थलांतर आणि मुलांचे मृत्यू याखेरीज काही नव्हते, त्यांना आपल्या गावात, आपल्या पिढीत देव बोलतो आहे याचे केवढे अप्रूप वाटले असेल!

पण त्याच १८३० च्या जुलै महिन्यातील एका प्रकटीकरणात असेही सांगितले आहे की, चर्चमधील सर्व कामे सर्वांच्या संमतीने व्हावीत. आजही त्यांच्या सभांत पदाधिकाऱ्यांची नावे वाचली जातात आणि सभासद उजवा हात वर करून पाठिंबा देतात. विरोध असेल तर तोही हात वर करून दाखवायचा. आम्हा युनियनवाल्यांना हे वाचून बरे वाटते. एक माणूस देवाच्या वतीने बोलणार, आणि सगळे मिळून त्याला हात वर करणार. ही दोन चाके एका वेगाने चालली तर गाडी छान चालते. पुढची सगळी कहाणी ही चाके वेगवेगळ्या दिशांना वळल्याची आहे.

बहुपत्नीत्वाबद्दल त्यांचे मूळ ग्रंथ काय म्हणतात? 'बुक ऑफ मॉर्मन'मध्ये जेकब नावाचा संदेष्टा आपल्या लोकांना अनेक बायका केल्याबद्दल फैलावर घेतो आणि बायकांचा आक्रोश देवापर्यंत पोचला आहे असे बजावतो. मात्र तेथेच एक परंतुक आहे. देवाला आपल्यासाठी संतती वाढवायची असेल तर तो तशी आज्ञा देईल, एरवी नाही. करार वाचण्याची सवय असलेल्या माणसाचे डोळे अशा परंतुकावर बरोबर अडखळतात. १८३५ साली प्रकटीकरणांचा संग्रह 'डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स' या नावाने निघाला. त्यात विवाहासंबंधीचे निवेदन होते, आणि ते स्वच्छ सांगत होते की एका पुरुषाला एक पत्नी. हे निवेदन १८७६ पर्यंत पुस्तकात तसेच राहिले. म्हणजे यूटात उघड उघड बहुपत्नीत्व चालू असतानाही चोवीस वर्षे ग्रंथ एकपत्नीत्व सांगत होता!

ओहायोतील कर्टलंडला असताना, १८३० नंतरच्या दशकाच्या मध्यास, जोसेफचा फॅनी अल्जर या घरात काम करणाऱ्या तरुणीशी संबंध आला. तो विवाह होता असे काही समकालीनांचे म्हणणे. ऑलिव्हर काउडरी हा जोसेफचा पहिला सोबती व लेखनिक. त्याने याला सरळ व्यभिचार म्हटले. १८३८ मध्ये त्याला चर्चमधून काढण्यात आले, आणि संदेष्ट्यावर असा आरोप केला हा त्याच्यावरील आरोपांपैकी एक होता.

खरी हकीकत घडली ती इलिनॉय संस्थानात, मिसिसिपी नदीच्या काठी मॉर्मनांनी वसवलेल्या नॉवू या गावी. ५ एप्रिल १८४१ रोजी जोसेफने लुइसा बीमन हिच्याशी गुप्तपणे विवाह केला. त्यानंतर १८४३ अखेरपर्यंत असे विवाह होत गेले. २०१४ साली खुद्द चर्चने प्रसिद्ध केलेल्या निबंधात, जोसेफच्या पत्नींची संख्या सावध अंदाजाने तीस ते चाळीसच्या दरम्यान सांगितली आहे. त्यांतील काहींचे नवरे हयात होते. एक, हेलन मार किंबॉल, अवघी चौदा वर्षांची होती. चर्चने हे लिहून काढले याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण त्याला एकशे सत्तर वर्षे लागली हेही नोंदले पाहिजे.

'विवाह' हा शब्द येथे थोडा समजून घेतला पाहिजे. त्यांच्या विधीत वधूवरांच्या नात्यावर अनंतकाळासाठी शिक्कामोर्तब होते. सामान्य ख्रिस्ती लग्न मृत्यूपर्यंत. हे लग्न मृत्यूनंतरही. त्या काळी घराघरात लहान मुलांची थडगी होती. जोसेफच्या पत्नीने, एमाने, स्वतःची अनेक तान्ही मुले पुरली होती. तुमचे माणूस तुमच्यापासून कायमचे तुटत नाही, कुटुंब स्वर्गातही कुटुंबच राहते, हे आश्वासन त्या लोकांना किती मोलाचे वाटले असेल याची कल्पना केल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. बहुपत्नीत्व त्यांच्यापुढे एकटे आले नाही. ते या आश्वासनाच्या पदराला बांधून आले.

श्रद्धावंतांच्या बाजूने सांगण्यासारखी सर्वांत वजनदार गोष्ट आता सांगतो, कारण बाहेरचे टीकाकार ती नेमकी गाळतात. जोसेफ नुसते 'मी सांगतो म्हणून ऐका' असे म्हणत नसे. तू स्वतः देवाला विचार, तुला उत्तर मिळेल, असे तो सांगे. आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात, तसा प्रत्येकाने आपला कौल आपण लावायचा. ब्रिगॅम यंगने पुढे सांगितले की ही शिकवण कळली तेव्हा त्याला मरण बरे वाटले. रस्त्याने अंत्ययात्रा जाताना दिसली तर त्याला प्रेताचा हेवा वाटे. नंतर याच यंगच्या पन्नासाहून अधिक बायका झाल्या, म्हणून हे ढोंग होते असे म्हणणे सोपे आहे. मला ते तसे वाटत नाही. हीबर किंबॉलला दुसरी पत्नी करण्याची आणि ते आपल्या बायकोला न सांगण्याची आज्ञा झाली. तो रात्र रात्र तळमळत राहिला. त्याच्या कुटुंबात सांगत आलेली हकीकत अशी की, त्याची ही दशा पाहून पत्नी व्हायलेटने स्वतः प्रार्थना केली, तिला दर्शन झाले, आणि तिनेच येऊन नवऱ्याला सांगितले की मला सगळे कळले आहे.

लुसी वॉकर या मुलीची साक्ष याहून बोलकी आहे. १८४२ च्या जानेवारीत तिची आई वारली. जोसेफने तिच्या वडिलांना धर्मप्रचारासाठी दूर पाठवले आणि काही मुलांना आपल्या घरी ठेवून घेतले. नंतर त्याने लुसीला सांगितले की तू माझी पत्नी व्हावेस अशी देवाची आज्ञा आहे. ती महिनोन्‌महिने दुःखात होती. १८४३ च्या एप्रिल अखेर त्याने तिला दुसऱ्या दिवसापर्यंतची मुदत दिली. ती रात्रभर प्रार्थना करीत राहिली. पहाटेच्या सुमारास खोली प्रकाशाने भरली आणि मनाला विलक्षण शांती आली, असे तिने लिहून ठेवले आहे. १ मे १८४३ रोजी विवाह झाला. आदल्याच दिवशी तिला सतरावे वर्ष पूर्ण झाले होते. एमा त्या वेळी गावात नव्हती. म्हातारपणापर्यंत लुसी आपल्या शब्दांवर ठाम राहिली. तिला झालेला अनुभव खोटा होता असे सांगणारा मी कोण? त्या खोलीत मी नव्हतो.

परंतु खोलीबाहेरची परिस्थिती मला दिसते. आई मेलेली, बाप दूर, डोक्यावरचे छप्पर विचारणाऱ्याच्याच मालकीचे, आणि मुदत एका दिवसाची. मालकाच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराला मालकानेच विचारावे, बाबा रे, संपाबद्दल तुझे स्वतःचे मत काय, अगदी मोकळेपणाने सांग. तो जे सांगेल ते कदाचित अगदी मनापासूनही असेल. तरी मी ते मत मोजताना जरा थांबतो.

मग नाही म्हणणाऱ्यांचे काय झाले? दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. सारा किंबॉल या विवाहित बाईने १८४२ साली जोसेफला सांगितले की ही शिकवण तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी द्या. तिने वाच्यता केली नाही, तिलाही कोणी त्रास दिला नाही; ती पंथात राहिली आणि पुढे यूटातील स्त्रियांची मोठी पुढारी झाली. त्याच वर्षी नॅन्सी रिग्डनने नकार दिला, आणि तिची गोष्ट बाहेर फुटली. मग तिच्या चारित्र्यावर वर्तमानपत्रातून चिखलफेक झाली. म्हणजे नकार चालत होता, बोभाटा चालत नव्हता. गुप्ततेने होणारे नुकसान येथेच होते. ज्या स्त्रीला विचारले गेले, तिला आधी कोणाला विचारले, त्यांनी काय उत्तर दिले, हे कळण्याचा मार्गच नव्हता. प्रत्येकीला आपला कौल एकटीनेच लावावा लागला.

आता एमाकडे येऊ. १८२७ साली बापाच्या विरोधाला न जुमानता तिने जोसेफशी लग्न केले; 'बुक ऑफ मॉर्मन'चा काही भाग तिने त्याच्या तोंडून ऐकून लिहून घेतला. १८४२ साली स्त्रियांची रिलीफ सोसायटी निघाली तिची ती पहिली अध्यक्ष. १८४३ च्या मे महिन्यात कशीबशी मनाची तयारी करून तिने एमिली आणि एलायझा पार्ट्रिज या घरात राहणाऱ्या दोन बहिणींची नवऱ्यासाठी निवड केली आणि विवाहाला संमती दिली. तिला हे ठाऊक नव्हते की या दोघींशी जोसेफचा विवाह मार्चमध्येच उरकला होता. म्हणून एमाच्या समोर तो विधी पुन्हा करण्यात आला! एमिलीने हे सगळे पुढे स्वतः सांगितले आहे. या एका प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. भिंतीआड करार सह्या होऊन तयार आहे, आणि सर्वसाधारण सभेत त्यावर चर्चा घडवून मंजुरी घेतली जाते, असे प्रकार मी कामगार चळवळीत पाहिले आहेत. तेथे हात खरे असतात, मंजुरी खोटी असते.

एमाचे मन लवकरच पालटले. तेव्हा भाऊ हायरम म्हणाला, प्रकटीकरण लिहून दे, मी ते वाचून दाखवून वहिनीला पटवतो. जोसेफ म्हणाला, तू एमाला ओळखत नाहीस. तरी १२ जुलै १८४३ रोजी लेखनिक विल्यम क्लेटनने ते उतरवून घेतले आणि हायरम ते घेऊन एमाकडे गेला. तो परत आला तेव्हा त्याने सांगितले की इतके कठोर बोलणे मी जन्मात ऐकले नव्हते. ती मूळ प्रत पुढे जाळली गेली. पण नक्कल करून ठेवलेली होती, आणि तीच आज त्यांच्या ग्रंथाचे १३२ वे प्रकरण आहे.

त्या प्रकरणात अब्राहामाचा दाखला आहे. साराने आपली दासी हागार नवऱ्याला दिली, कारण तो नियम होता. आणि देवाने इसहाकाचा बळी मागितला तेव्हा, हत्या करू नये असे लिहिलेले असूनही, अब्राहाम नाही म्हणाला नाही. श्रद्धावंतांनी बहुपत्नीत्वाकडे पाहिले ते असे, कसोटी म्हणून. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. श्रियाळ राजाच्या दारी अतिथी येतो आणि चिलया बाळाचे मांस मागतो, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. पण एक फरक पाहा. आपल्या कथेत चांगुणा कसोटीच्या मध्यभागी उभी आहे. उखळापाशी बसून डोळ्यातून टिपूस न काढता जी कांडते, ती आई आहे. इसहाकाच्या कथेत सारा कोठे आहे? पहाटे बापलेक निघाले तेव्हा तिला कोणी काही विचारल्याचे बायबलमध्ये नाही.

नॉवूच्या प्रकरणात साराला विचारले आहे, पण ते कसे ते ऐका. पुरुषाने दुसरी पत्नी करण्यापूर्वी पहिलीची संमती घ्यावी, असे तेथे आहे. मात्र तिने संमती दिली नाही तर ती आज्ञाभंग करणारी ठरते, आणि नवरा त्या नियमातून मोकळा होतो. मग तिच्या संमतीवाचून त्याला पुढे जाता येते. एमाला तर नाव घेऊन बजावले आहे की ऐकले नाहीस तर तुझा नाश होईल. याला 'साराचा नियम' म्हणतात. होकार दिला तर होकार, आणि नकार दिला तरी होकारच. असे कलम मालकाने करारात घातले असते तर मी ते वाचून कागद परत केला असता. एमाने तेच केले, असे मला वाटते. ती नवऱ्याला सोडून गेली नाही, तो संदेष्टा नाही असेही कधी म्हणाली नाही.

दुसरा नकार विल्यम लॉ याचा. तो जोसेफचा दुसऱ्या क्रमांकाचा सल्लागार होता. पंथावर त्याची श्रद्धा होती, या शिकवणीवर नव्हती. ७ जून १८४४ रोजी त्याने आणि त्याच्या मित्रांनी 'नॉवू एक्स्पॉझिटर' हे वर्तमानपत्र काढून सगळा प्रकार छापला. तो पहिला आणि शेवटचा अंक. दोन आठवड्यांपूर्वीच, २६ मे रोजी, जोसेफने जाहीर भाषणात सांगितले होते की माझ्यावर सात बायकांचा आरोप आहे, मला तर एकच दिसते. १० जूनला नगरपालिकेच्या हुकमाने छापखाना मोडून टाकण्यात आला. नगराध्यक्ष जोसेफच होता. त्याच प्रकरणी तो आणि हायरम कार्थेजच्या तुरुंगात गेले, आणि २७ जून रोजी जमावाने तुरुंगात घुसून दोघांना गोळ्या घातल्या. जोसेफचे वय ३८ होते. खुनाचे समर्थन कोणीही करणार नाही. पण छापखाना मोडला नसता तर? असो.

यानंतर बहुसंख्य लोक ब्रिगॅम यंगच्या मागून पश्चिमेला निघाले आणि १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. २९ ऑगस्ट १८५२ रोजी ऑर्सन प्रॅट याने भर सभेत बहुपत्नीत्वाचे प्रथमच जाहीर प्रतिपादन केले आणि ते नऊ वर्षे जुने प्रकटीकरण वाचून दाखवण्यात आले. ते ग्रंथात आले १८७६ साली, आणि परिषदेने हात वर करून त्या ग्रंथाला मान्यता दिली ती १८८० साली. ज्या आज्ञेपायी संदेष्ट्याचा जीव गेला, तिला सर्वांची रीतसर संमती मिळायला ३७ वर्षे गेली.

यूटातील बायका गप्प आणि दीनवाण्या होत्या अशी समजूत करून घेऊ नका. १८७० च्या जानेवारीत सरकारच्या विरोधात हजारो स्त्रियांनी सॉल्ट लेकमध्ये सभा भरवली आणि आमच्या विवाहात ढवळाढवळ नको असे ठणकावले. त्याच वर्षी त्यांना मताधिकार मिळाला. मत मिळाले की या बायका सवती झुगारून देतील अशी पूर्वेकडील सुधारकांची अटकळ होती. ती साफ चुकली. मार्था ह्यूज कॅनन ही डॉक्टर होती, चौथी पत्नी होती, आणि नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये म्हणून तान्ह्या मुलीला घेऊन इंग्लंडला निघून गेली होती. १८९६ साली ती यूटाच्या सिनेटवर निवडून आली; पडलेल्या उमेदवारांत तिचा नवराही होता. एमेलिन वेल्सने 'वुमन्स एक्स्पोनंट' या पत्रात बहुपत्नीत्वाची कड घेतली, आणि रोजनिशीत मात्र नवरा वाट पाहूनही येत नाही म्हणून एकटेपणाचे दुःख लिहिले. यांतील खरी एमेलिन कोणती? मला वाटते दोन्ही. सवत हा शब्द ज्या भाषेत शिवी होऊ शकतो आणि ओवीतही येतो, त्या भाषेच्या माणसाला हे समजायला अडचण पडू नये.

सरकारने १८६२ पासून कायदे केले. १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की श्रद्धा कोणतीही ठेवा, पण कृती कायद्याप्रमाणे करावी लागेल. एखाद्या विधवेला सती जाणे हा आपला धर्म वाटला तर सरकारने हात बांधून बसावे काय? हा दाखला आपल्या देशाचा. त्याच निकालात बहुपत्नीत्व म्हणजे आशिया-आफ्रिकेतील लोकांची रीत असा शेराही आहे. म्हणजे मॉर्मनांना मारलेल्या चपराकीचा अर्धा आवाज आपल्या गालावर. १८९० साली डेव्हिस विरुद्ध बीसन या आयडाहोच्या खटल्यात तेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले, आणि तेथून धागा थेट मुंबईला येतो. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंसाठी द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला. नरसू अप्पा माळी प्रकरणात त्याला आव्हान दिले गेले, तेव्हा १९५१ साली उच्च न्यायालयात न्या. छागला यांनी श्रद्धा आणि आचार यांतील भेद सांगताना या मॉर्मन खटल्याचाच आधार घेतला. परलोकासाठी मुलगा हवा, म्हणून दुसरी बायको हा धर्म, असा युक्तिवाद होता. संततीसाठी देव आज्ञा देईल, हे जेकबचे परंतुक आठवते ना? न्यायमूर्ती म्हणाले, मुलगा दत्तक घेता येतो. कायदा टिकला.

तिकडे अमेरिकेत हजारावर मॉर्मन पुरुष तुरुंगात गेले, १८८७ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त होऊ लागली आणि स्त्रियांचा मताधिकारही काढून घेण्यात आला. अध्यक्ष जॉन टेलर भूमिगत असतानाच वारला. सप्टेंबर १८९० मध्ये विल्फर्ड वुड्रफ याने जाहीरनामा काढला की यापुढे असे विवाह करू नयेत. ६ ऑक्टोबरला परिषदेने हात वर करून तो मान्य केला. दडपणाखाली माघार घेतली असे जग म्हणाले. वुड्रफ म्हणाला, थांबलो नाही तर आपल्या मंदिरांचे काय होईल हे देवाने मला दर्शनात दाखवले. युनियनच्या पुढाऱ्याला हे दोन्ही एकदम खरे असू शकते हे ठाऊक असते. ॲनी क्लार्क टॅनर या दुसऱ्या पत्नीने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, इतकी वर्षे सोसल्यावर ही आज्ञा देवाकडची आहे हे पटायला तिला जड गेले नाही.

काहींना ते कधीच पटले नाही. जाहीरनाम्यानंतरही गुपचूप विवाह होत राहिले, म्हणून १९०४ साली दुसरा जाहीरनामा काढावा लागला. कट्टर गट वेगळे झाले. त्यांचा आधार म्हणजे १८८६ साली टेलरला झालेले प्रकटीकरण. असा कागद आमच्या दफ्तरात नाही, असे चर्चने १९३३ साली जाहीर केले होते. टेलरच्या हस्ताक्षरातील तो कागद चर्चनेच २०२५ साली लोकांसमोर ठेवला.

एमा नॉवूतच राहिली. तिचा मुलगा जोसेफ १८६० साली वेगळ्या, पुनर्रचित चर्चचा अध्यक्ष झाला. जोसेफ संदेष्टा होता, पण बहुपत्नीत्व ही ब्रिगॅमची करणी, अशी त्या चर्चची भूमिका. १८७९ साली, मरणापूर्वी काही आठवडे, मुलांनी एमाला विचारले. तुमच्या वडिलांना माझ्याखेरीज पत्नी नव्हती, असे तिने सांगितले. १८९२ साली मिसुरीतील मंदिराच्या जागेच्या खटल्यात एमिली पार्ट्रिज आणि लुसी वॉकर या वृद्ध स्त्रियांनी शपथेवर नेमके उलट सांगितले. उलटतपासणी घेणारे वकील एमाच्या मुलाच्या चर्चचे होते. कागदपत्रे त्या दोघींच्या बाजूने आहेत. एमाला मी खोटारडी म्हणणार नाही. जो ठराव तिने कधी मान्यच केला नाही, तो तिने आपल्या इतिवृत्तातूनही काढून टाकला.

एमाच्या मुलाच्या या चर्चपुढे पुढे असा प्रसंग आला की जो कोणी कल्पिला नसेल. १९६० नंतर त्यांच्या प्रचारकांचे काम ओडिशातील सौरा आदिवासींत सुरू झाले, आणि बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या काही पुरुषांना दोन दोन बायका होत्या. बहुपत्नीत्वाला नाही म्हणण्यासाठी जन्मलेला पंथ! आधी एक बायको टाकून ये म्हणावे, तर तिने आणि तिच्या मुलांनी जावे कोठे? अमेरिकेतील सभासदांत मोठा वाद माजला. अखेर १९७२ साली अध्यक्षांनी या विषयावरील प्रकटीकरण आणले. एकपत्नीत्व हा आदर्श कायम, पण निरनिराळ्या समाजांतील माणसांना पंथात घेताना त्यांच्या परिस्थितीचा विचार व्हावा, असा त्याचा आशय. त्या चर्चच्या रिवाजाप्रमाणे तो मजकूर आधी परिषदेपुढे विचारार्थ ठेवण्यात आला, आणि मग मताला टाकण्यात आला.